दोरा बांधलेलं तवसं

तवसं म्हणजे मोठी काकडी, असं मी इथे दिग्रसला सगळ्यांना सांगते. दुसरं काय सांगणार? पण राजापूरकडे आमच्या घरी काकडी वेगळी आणि तवसं वेगळं. तवसं हातभर वाढतं. साल जाड, अंगावर पांढरे पट्टे. पिकलं की आधी पिवळं आणि मग तांबूस होतं, आणि दोरीच्या शिंकाळ्यात घालून वाशाला टांगलं की शिमग्यापर्यंत टिकतं. आई रवा आणि गूळ घालून त्याचं गोड धोंडस भाजायची. बिया राखेत घोळून चुलीमागच्या भिंतीवर थापायची. पुढच्या वर्षी पेरायच्या वेळी त्या नखाने खरवडून काढायच्या. हे काम माझं, कारण माझी नखं मोठी असायची आणि त्यावरून मी रोज बोलणी खायची.

मी आठवीत शाळा सोडली आणि काजूच्या फॅक्टरीत जायला लागले. शाळा सोडल्याचं तेव्हा फार वाटलं नाही, आता वाटतं. कुठे काही अर्ज भरायचा असला की कागद मी नवऱ्यापुढे सरकवते. फॅक्टरीला ज्या एसटीने जायचे, तिच्यावर एक ड्रायव्हर होता, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावकडच्या एका खेड्यातला. आमच्या घाटांची त्याला भीती वाटायची, पण तसं तो म्हणायचा नाही; नुसता हॉर्न वाजवत राहायचा. त्याच्याशी माझं लग्न झालं. आमच्या मुलीला दोन वर्षं झाली तेव्हा त्याला गावाकडे बदली मिळाली आणि आम्ही दिग्रसला आलो. दीड दिवसाचा प्रवास. निघताना आईने फडक्यात बांधून तवशाचं मूठभर बी दिलं होतं. ते मी पिशवीत नाही ठेवलं, पोलक्यात ठेवलं.

इथे आल्यावर जे पहिलं माणूस आपलं वाटलं, ते म्हणजे आमच्या घरमालकीण काकू. वरच्या मजल्यावर काकू आणि काका, खाली दोन खोल्यांत आम्ही. त्यांची कापूस, सोयाबीन, तुरीची चांगली मोठी शेती, मुलं नागपूरला. मी तोंड उघडलं की कोपऱ्यावरचा दुकानदार हसायचा. एकदा काकू बरोबर होत्या. त्याला म्हणाल्या, "हासतं काहून रे? तुह्या बायकोले कोकणात नेऊन सोडतो, मंग पाहू कोण हासते तं." त्या दिवसापासून तो मला ताई म्हणतो.

आणि मला डेंग्यू झाला तेव्हा नवरा ड्यूटीवर होता. काकांनी गाडी काढून मला यवतमाळला नेलं. आठ दिवस मुलगी काकूंजवळ राहिली, त्यांच्या हातची भाकर खाल्ली, त्यांच्या कुशीत झोपली. परत आले तेव्हा ती मला "मले पानी दे" म्हणाली. हे उपकार मी विसरलेली नाही. पुढचं लिहायच्या आधी हे लिहायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

घरामागच्या मोकळ्या जागेला इथे वाडगं म्हणतात. तिथे जुने पत्रे, तुटकी खाट आणि गाजरगवत होतं. काकू म्हणाल्या, "लाव काय लावाचं ते. तशीबी जागा पडूनच हाय." मी पत्रे एका बाजूला लावले, गवत फुलायच्या आत उपटलं. ओला कचरा, वाळका पाला आणि काकूंच्या गोठ्यातलं थोडं शेण सिमेंटच्या पोत्यांत भरून ठेवायला लागले. पहिल्या महिन्यात असा वास सुटला की काकांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "मेलं का काही?" मग पालापाचोळा जास्त घालायचा हे मला कळलं. नळ चार दिवसांआड यायचा, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं सगळं पाणी बादलीत साठवायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यात रोपं करायची. वेलांना काकूंच्या शेतातल्या पऱ्हाट्यांचा मांडव. कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहतात त्या वाळक्या काड्या इथे लोक जाळतात, मी त्या मागून आणायचे. वांगी, चवळी, अंबाडी, टोमॅटो, कोथिंबीर. बाजारातून मी फक्त कांदे-बटाटे आणायला लागले. वरच्या मजल्यावरही रोज काहीतरी जायचं. काकू जिन्यावरून हाक मारायच्या, "कोकणवाले, आज काय तोडलं वं?"

फक्त तवसं होईना. पहिल्या वर्षी मी आमच्याकडच्यासारखं मे महिन्यातच बी टाकलं. इथलं ऊन मला अजून माहीत नव्हतं. कोंब वर आले आणि दुपारपर्यंत करपले. दुसऱ्या वर्षी वेल छान चढला आणि कुणाची तरी बकरी येऊन तो खाऊन गेली. तिसऱ्या वर्षी मी बी काढलंच नाही, कारण त्या वर्षी आई गेली.

दिवसांचं सगळं उरकून आले तेव्हा मला बियांची आठवण झाली नव्हती. पुढे एक दिवस बियांचा डबा उघडला. आत पाच बिया राहिलेल्या. बाकीच्यांना कीड लागून भुगा झाला होता. मी लगेच वहिनीला फोन लावला. म्हटलं, चुलीमागे भिंतीवर आईने थापलेलं बी असेल, तेवढं खरवडून ठेव, कुणाबरोबर तरी मागवून घेते.

वहिनी म्हणाली, "भिंतीक टायली बसवल्या गो. चूलच काढली. आता गॅस."

भावाने फोन घेतला. "तवसां कोण करता आता? पुढल्यादारी पण ब्लॉक घातले, गाडी लावूक. काकडी बाजारात मिळता."

त्याचं काही चुकलं असं नाही. पण मी फोन ठेवला आणि त्या पाच बिया परत मोजल्या. मला काळजी करायची सवयच आहे. गॅस बंद केला का बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते. आता त्यात या पाच बियांची भर पडली. त्या म्हाताऱ्या झालेल्या होत्या, अजून एक वर्ष डब्यात ठेवल्या तर उगवतील की नाही कुणास ठाऊक.

चार उगवल्या नाहीत. एक उगवली.

त्या उन्हाळ्यात काकूंच्या बचत गटात परसबागेचं प्रशिक्षण झालं होतं. काकू गटाच्या अध्यक्ष, मी साधी सदस्य. शिकवायला आलेल्या ताईंनी सांगितलं की दोन जातींच्या काकड्या जवळजवळ असल्या तर माशा, भुंगे फुलाफुलांवर फिरतात आणि बी मिसळतं. फळ तेच दिसतं, पण आतल्या बिया पुढच्या वर्षी भलतंच काही देतात. जात तशीच राखायची तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी दोऱ्याने बांधायची. सकाळी तीच सोडून त्याच वेलाच्या नराच्या फुलाने हाताने फळवायची आणि परत बांधायची. आणि फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यायचं. मी हे वहीत उतरवून घेतलं. काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

आमच्या कुंपणाला काकूंनी दुकानातून आणलेल्या पाकिटातल्या काकडीचे वेल होते, नुसते फुलांनी भरलेले. त्यामुळे मी ताईंनी सांगितलं तसंच केलं. दोन कळ्या बांधल्या. एक गळाली. दुसरी धरली, आणि तिच्या देठाला मी लाल दोरा बांधला. त्या वेलाला आणखी फळं आली, ती आम्ही कोवळी कोवळी खाल्ली. पण आईचं बी, न मिसळलेलं, म्हणून होतं ते एकच. रोज सकाळी चहाच्या आधी मी मांडवाखाली जाऊन ते बघायची. बोटापासून वीतभर झालं, मग कोपरापर्यंत. पांढरे पट्टे दिसायला लागले त्या दिवशी मी मुलीला उचलून दाखवलं.

काकूंनी एकदा कपडे वाळत घालताना दोरा पाहिला. "काय वं, काकडीले नजर लागते का?"

"नजर नाही काकू, बियाला ठेवलंय. आईचं शेवटचं बी आहे. घरीसुद्धा आता कुणाकडे नाही."

"माय माय." काकूंनी हातातली साडी तशीच धरून वर पाहिलं. "मंग कोनी हात लावला तं मले सांग. हातच तोडीन त्याचा."

मला फार बरं वाटलं. परक्या गावात आपली वस्तू कुणीतरी जपतंय, असं वाटलं.

मग पोळा आला. आम्ही पोळ्याला नवऱ्याच्या गावी जातो, चार दिवस. निघताना मी काकूंना पाणी किती घालायचं ते सांगितलं, कुठलं वांगं काढायचं ते सांगितलं, आणि मग म्हटलं, "काकू, तेवढं तवसं..."

"जा वं माय. मी काय मेली का? पाहीन नं मी."

गावात फोनला रेंज नव्हती. म्हणजे माझ्या फोनला नव्हती, नवऱ्याच्या फोनला शेताच्या बांधावर गेलं की यायची. बैल सजले, मिरवले, पुरणाच्या पोळ्या झाल्या. दिराच्या मुलांनी लाकडी बैल फिरवले. चौथ्या दिवशी आम्ही दिग्रसची बस धरली. नवरा दुसऱ्याच्या गाडीत प्रवासी म्हणून बसला की ड्रायव्हरच्या चुका काढत बसतो, त्या दिवशी मात्र गप्प होता. मी म्हटलं, "तवसं आता पिवळं पडायला लागेल दहा-पंधरा दिवसांत. मग बी काढलं की अर्धं वहिनीलाच पाठवणार. टाइलवर नाही तर कागदावर थापू दे." तो खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. पिशव्या दारातच टाकून मी मागे गेले.

मांडवात दोरा दिसला नाही. मला वाटलं, पानाआड गेला असेल. पानं बाजूला केली. मग वाटलं वानरं आली. इथे वानरं येतात, टोमॅटो चावून फेकतात. मी खाली अर्धवट खाल्लेलं काही पडलंय का पाहिलं. मग देठ सापडला. विळ्याने सरळ कापलेला, टोकाला डिंक सुकून आलेला. वानर विळा वापरत नाही.

मी वर हाक मारली. काकू घरी नव्हत्या. मी फोनचं नेट चालू केलं आणि गटाच्या ग्रुपवरचे चार दिवसांचे मेसेज धडाधड पडायला लागले. तालुक्याची परसबाग स्पर्धा त्या दिवशी होती, हे मला माहीत होतं. आमच्या गटाकडून काकू भाज्यांची टोपली नेणार, हेही माहीत होतं. फोटोत एक टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर परात. परातीत माझी वांगी, माझी चवळी, आणि मधोमध झेंडूच्या माळेत तवसं. देठाला लाल दोरा तसाच होता. बाजूला हिरव्या साडीत काकू. गळ्यात बिल्ला, हातात प्रमाणपत्र.

खाली एक व्हिडिओ होता. परीक्षक म्हणून आलेल्या मॅडम विचारत होत्या, ही एवढी मोठी कुठली जात? काकूंनी माइक घेतला. "आमच्या सासूबाईच्या हातचं बी होय, मॅडम. चाळीस वर्षं झाले, आमी घरात जपून राह्यलो." टाळ्या पडल्या. मग मॅडमनी सुरी मागवली.

"आई, आपलं तवसं!" मुलगी माझ्या खांद्यावरून ओरडली. तिला आनंदच झाला होता. फोनमध्ये आलं म्हणून.

थोड्या वेळाने काकू आल्या. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात नवाकोरा फवारणी पंप. बिनविषारी परसबागेचं पहिलं बक्षीस म्हणून फवारणी पंप दिला होता. एरवी आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. काकू हसतच आल्या. "पैला नंबर, कोकणवाले! समद्या बाया पाहतच राह्यल्या. हे घे, तुह्यासाठी फोड ठेवली. मीठ-तिखट लावून खा. काय गोड हाय वं!"

मी डबा घेतला. हातात आलेली वस्तू घ्यायची, एवढंच मला सुचलं.

"काकू, ते बियाला ठेवलं होतं."

"त्याचीबी आठवण ठेवली मी." त्यांनी कमरेच्या पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. "कापल्या कापल्या बिया येगळ्या काढल्या. मॅडम म्हने कायले, म्हनलं आमच्या भाडेकरीनले लागते."

पुडीत ओल्या, पांढऱ्या, चपट्या बिया होत्या. मी एक चिमटीत धरली. दाबली तर पाणी निघालं आणि बोटाला नुसतं साल राहिलं.

"या कच्च्या आहेत काकू. अजून बी भरलंच नव्हतं."

"मंग सुकव नं उन्हात."

त्या थट्टा करत नव्हत्या. एवढी शेती, पण कापसाचं, सोयाबीनचं, सगळं बी दरवर्षी दुकानातून येतं. बॅग फोडली की पेरली. घरच्या फळातून बी धरून त्यांना किती वर्षं झाली असतील कोण जाणे. बी पोटात पिकावं लागतं, हे त्या विसरून गेल्या होत्या. ते मी समजू शकले. पण दुसरं एक मला समजून घेता येईना.

"सासूबाईंचं बी म्हणालात."

"म्हनलं असन. माइक हातात आला का मानूस काही बोलते." काकूंचं हसू कमी झालं. "आन् कोकणातल्या भाडेकरीनचं होय म्हनलं असतं तं नंबर भेटला असता का? वाडगं तं माह्यंच हाय नं. पऱ्हाट्या माह्या. मी काय परकी हाव?"

"तुम्ही म्हणाला होतात, कुणी हात लावला तर..."

"अवं, मी चोरून नाई नेलं!" आता त्यांचा आवाज चढला. "तुह्या नवऱ्याले फोन केलता मी. इचारलं त्याले. तो म्हने, घेऊन जा काकू, इचारता कायले? इचार त्याले, हा काय उभा हाय."

नवरा दारात बूट काढत होता. एक काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी हातात होती. त्याने मान वर केली नाही.

काकू पंप घेऊन वर गेल्या. पंपाचा पट्टा जिन्याच्या पायऱ्यांवर आपटत गेला.

"कधी फोन आला होता?" मी विचारलं.

"पोळ्याच्या दिवशी. मी बांधावर होतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू पोळ्या करत होती. नंतर सांगीन म्हनलं, राहून गेलं." दुसरा बूट काढत म्हणाला, "मले वाटलं काकडी होय. एक काकडी."

त्या दोऱ्याखालून तो रोज मोरीकडे जायचा. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा आमच्या घरी आला, तेव्हा आईने धोंडस केलं होतं. त्याने मागून दोनदा घेतलं होतं आणि आईने मला आत येऊन सांगितलं होतं, पोरगा लाजत नाही, चांगला आहे. मी बसमध्ये बियांचं बोलत होते तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. ते मला फोनपेक्षा जास्त लागलं. दोन तास मी बोलत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

"आपन भाड्यानं राहतो," तो म्हणाला. "काकूनं तुह्यासाठी एवढं केलं. तू यवतमाळले पडली होती तवा पोरीले कोणं सांभाळलं? त्याईले एका काकडीले नाई म्हनू मी?"

हेच तर मी स्वतःला चार वर्षं सांगत आले होते. काकूंनी मला इतकं दिलं होतं की त्यांनी काही नेलं तर रागवायला माझ्याकडे जागाच नव्हती. पण नवऱ्याने जे दिलं, ते त्याचं नव्हतं.

फोड मुलीने खाल्ली. अर्धी मला भरवली. चव तीच होती. आईच्या ओट्यावर बसून खायचो ती. मी गिळली आणि भांडी घासायला गेले.

बिया मी तरीही टाकल्या नाहीत. ओल्या फडक्यात घालून उबेला ठेवल्या. रोज उघडून पाहायची. पाचव्या दिवशी फडक्याला वास आला, सहाव्या दिवशी त्यांचा नुसता बुळबुळीत थर झाला होता. तो मी खताच्या पोत्यात टाकला. नवरा बघत होता. म्हणाला, "दुसऱ्या गावाहून मागवू न." कुठल्या गावाहून, ते त्याने सांगितलं नाही. वहिनीला मी शेजारीपाजारी विचारायला लावलं. तिने आठवड्याने कळवलं, सगळ्यांकडे तीच बाजारची काकडी आहे.

वेल तोवर थकला होता, बांधायला नवी कळी येत नव्हती. पानांवर भुरी आली होती. शेंड्याकडे एक वाकडं फळ उशिरा धरलं होतं, न बांधलेल्या फुलाचं. ते कुणाच्या परागाने धरलं ते भुंग्यालाच ठाऊक. कुंपणावर काकूंच्या काकड्यांची फुलं तशीच पिवळी होती. मी ते फळ राहू दिलं. दुसरं होतं काय? त्याला दोरा बांधला नाही. दसऱ्याच्या सुमाराला ते वेलावरच पिवळं झालं, देठ वाळला, तेव्हा काढलं. आत बिया भरलेल्या निघाल्या, चांगल्या टणक. मी त्या राखेत घोळल्या आणि कागदावर थापल्या.

काकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या. मधल्या काळात आमचं बोलणं बंद नव्हतं. वरून भाकर यायची, खालून भाजी जायची. फक्त "आज काय तोडलं वं" ही हाक येत नव्हती. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झाल्या का बिया? पाय, उगीच जीव टाकला होता. मलेबी दे चार. पुढच्या वर्षी गटाच्या बाया मागून राह्यल्या."

मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. फॅक्टरीत जादा पाळीला नाही म्हटलं नाही, सासरी कधी नाही म्हटलं नाही.

"नाही देणार, काकू," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. मग वाटेनासं झालं. त्यांनी चिमटे पदरात गोळा केले. "तुही मर्जी," म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की मी हातातलं काम थांबवायची. आता खोल्या खाली करा म्हणतील. कुठे जायचं? मुलीची शाळा? त्यांनी तसं काही म्हटलं नाही, हे सांगायला हवं. आठवड्याने भाकरीबरोबर ठेचा पाठवला. मी डबा धुऊन त्यात अंबाडी घालून परत पाठवला. पण पुढच्या पोळ्याला गावी जाताना मी पाण्याचं काही सांगितलं नाही. मडक्यांना भोकं पाडून, त्यात सुतळी घालून, पाण्याने भरून वेलांजवळ पुरून ठेवली.

त्या वर्षी पेरलेल्या सगळ्या बिया उगवल्या. तरतरीत रोपं, मोठी पानं. पानांवरून काही कळत नाही. मी रोज चहाच्या आधी जाऊन बघायची. फळं धरली, वीतभर झाली आणि तिथेच थांबली. पट्टे आले नाहीत. साल पातळ. दोन मी मुद्दाम ठेवून पाहिली, ती टांगल्यावर चौथ्या दिवशी मऊ पडली आणि त्यांना पाणी सुटलं. एक वेल होता जरा वेगळा, त्याचं फळ लांबोडं झालं. त्याला मी आठ दिवस आशेने धरून होते. मग तेही खालून पिवळं पडलं, बोटभर टोक वाकडं, आणि बाकी अगदी कुंपणावरच्या काकडीसारखं.

ते मी त्याच दिवशी काढलं. चोचवलं, दाण्याचं कूट घातलं, वरून मोहरीची फोडणी. नवरा पुसदची फेरी करून आला होता. हात धुऊन बसला, भाकर मोडली, कोशिंबीर दोनदा घेतली.

"हे तवसंच न?" त्याने विचारलं. "पाय, झालंच न शेवटी. आन् तू किती रडली होती वं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला फरक कळला होता. तिने फोटोतलं तवसं पाहिलं होतं आणि त्याची फोड खाल्ली होती.

"हो," मी म्हटलं. "घे अजून." आणि वाटी त्याच्याकडे सरकवली.